विसावा कोणाच्या परवानगीने?

दिवाळीच्या अंकात धर्मांतराचा विषय काढणे म्हणजे पहिल्या आंघोळीच्या पहाटे घरात भांडण उकरून काढणे होय, हे मला कळते. संपादकांनी माझ्याकडे कथा मागितली होती. ती लिहावयास बसले, तो एक स्टीलचा डबा आडवा आला आणि कथेऐवजी हा लेख झाला. वाचकांनी करंजी हातात घेऊन तो वाचला तरी माझी हरकत नाही. या लेखाचा फराळाशी संबंध आहेच. तो पुढे येईल.

माझा अधिकार किती, ते आधीच सांगून टाकते. मी मॅट्रिकच्या पुढे शिकले नाही. नागपुरात एका खाजगी शाळेच्या बालवर्गाला शिकवते आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. धर्मशास्त्रावर बोलण्याची माझी पात्रता नाही. मी ख्रिस्ती नाही, व्हावयाचा विचारही नाही. माझ्या देव्हाऱ्यात विठोबा आहे आणि फार दमल्यावर मी तुकारामाची गाथा उघडते. तेव्हा हा लेख कोणाला कोठे ओढून नेण्यासाठी आहे, अशी शंका कोणी घेऊ नये. मला बोलावयाचे आहे ते उंबरठ्यावरच्या रीतीभातीविषयी.

आपल्या घरातले एखादे माणूस ख्रिस्ताकडे गेले आणि म्हणाले, "मला विसावा मिळाला," तर आपल्यापाशी तीन उत्तरे तयार असतात. पहिले : पैसे मिळाले असतील. दुसरे : कोणी फसविले असेल. तिसरे : डोक्यावर परिणाम झाला असेल. हे माणूस कदाचित खरे बोलत असेल, हे चौथे उत्तर आपल्याला सुचतच नाही. मला ते सुचावयास अकरा वर्षे लागली.

माझ्या धाकट्या मावशीचा एकुलता एक मुलगा एकोणिसाव्या वर्षी अमरावती रस्त्यावर अपघातात गेला. त्यानंतर तीन वर्षे मावशी झोपली नाही. हे अलंकारिक बोलणे नव्हे. रात्री दोन वाजता ती ओट्यावरची भांडी पुन्हा घासत बसे. आम्ही सर्वांनी सर्व उपाय केले. तिला शेगावला नेले, सोळा सोमवार करविले, पत्रिका दाखविली, डॉक्टरांच्या गोळ्या दिल्या. यजमान शांत स्वभावाचे. ते अधिकच शांत झाले. पुढे मन रमावे म्हणून ती एका मिशनच्या दवाखान्यात आयाचे काम करू लागली. तेथे रात्रपाळीची एक वयस्क नर्स तिच्याजवळ बसू लागली. आधी नुसतीच बसे. मग कधी प्रार्थना करी. मग मावशी तिच्याबरोबर रविवारी चर्चमध्ये जाऊ लागली. दीड वर्षाने तिने बाप्तिस्मा घेतला. आणि एवढे मात्र आमच्यातल्या कोणालाही नाकारता आले नाही की, मावशी आता झोपत होती.

घरात काय झाले ते सांगण्याची गरज नाही. मामांनी विचारले, "किती दिले त्यांनी?" माझी आई रडली आणि मग तिने बहिणीचे नाव टाकले. त्या वर्षीची दिवाळी आली. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी दाराची कडी वाजली. मी दार उघडले. मावशी उभी होती, हातात फराळाचा डबा. आई आतल्या खोलीत होती. तिने तेथूनच हाताने नाही म्हणून खूण केली. मी तिशी ओलांडलेली बाई, बालवर्गातल्या मुलांना रोज 'खरे बोलावे' शिकविणारी, मी म्हणाले, "आई घरी नाही."

मावशीने माझ्याकडे पाहिले. डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "चकलीला मोहन कमी पडलं आहे, सांग तिला." मग पायऱ्या उतरता उतरता थांबली. "मी आता झोपून राहिली ना," ती म्हणाली, "हेच तुझ्या आईला खुपून राहिलं." आणि गेली.

फराळ कोणी खाल्ला नाही. तो कामवाल्या बाईंना दिला गेला. डबा तेवढा घरात राहिला.

आता नागपूरकरांनी एक गोष्ट आठवावी. ख्रिस्ताकडे गेलेल्या मराठी माणसांत ज्यांचे नाव सर्वांच्या ओठावर आहे, ते रेव्हरंड नारायण वामन टिळक आपल्या या गावात राहून गेले. अप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने ते येथे संस्कृत ग्रंथांचे काम करीत होते. येथून ते राजनांदगावच्या संस्थानात नोकरीसाठी निघाले. साल १८९३ च्या सुमारचे. त्या आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या गृहस्थाशी त्यांची गाठ पडली. काव्याच्या गोष्टी झाल्या, धर्माच्या झाल्या, आणि उतरताना त्या गृहस्थाने त्यांना नव्या कराराची एक प्रत दिली. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असेही तो म्हणाला. टिळकांनी पुस्तक वाचावयास घेतले ते केवळ दिलेला शब्द पाळावयाचा म्हणून. डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत आले आणि मग त्यांच्याने ते खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या माणसाला कोणी काय आमिष दाखविले होते? वेदान्त त्यांना ठाऊक नव्हता म्हणावे, तर संस्कृत हाच त्यांचा व्यवसाय. मराठी संतांची गोडी नव्हती म्हणावे, तर तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो असे ते स्वतःच सांगत. "आपल्या धर्मात काय कमी आहे?" हा प्रश्न आपण अशा वेळी मोठ्या तावाने विचारतो. कमी काहीच नसेल. कोराडीच्या तलावात पाणी काठोकाठ असेल. पण म्हणून ज्याची तहान दुसऱ्या विहिरीवर भागली त्याला तहान लागलीच नव्हती, असे म्हणता येईल काय? तळ्याचा अपमान कोणी केलेला नाही. माणूस पाणी प्याला आहे, एवढेच घडले आहे.

मी टिळकांची बाजू घेते आहे म्हणून जे दुसरे आहे तेही लपवीत नाही. टिळकांना जो विसावा मिळाला त्याची किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली. नवरा ख्रिस्ती झाल्याची बातमी त्यांच्यावर वीज पडावी तशी पडली. लहान मुलाला घेऊन त्या कित्येक वर्षे नवऱ्यापासून दूर राहिल्या. ज्या बापाच्या घरी सोवळ्यापायी मीठसुद्धा धुऊन घेत, त्या घरची ही मुलगी! पुढे त्या नवऱ्याकडे परतल्या तरी स्वयंपाक निराळा होता, पाणी निराळे होते. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो नवऱ्याच्या व्याख्यानांनी नव्हे. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या मनाशी सोडविला. आधी शिवाशीव गळाली, मग बाकीचे झाले. 'स्मृतिचित्रे' ज्याने वाचली त्याला हे ठाऊक आहे.

परंतु ती आपण कशी वाचली? हसण्यासाठी वाचली. लक्ष्मीबाईंचा विनोद आपण घेतला, टिळकांच्या फुलामुलांच्या कविता पाठ्यपुस्तकांत घेतल्या, आणि ही दोघे ज्या एका गोष्टीसाठी घरादाराला मुकली ती गोष्ट तेवढी बाजूला काढून ठेवली, जशी काही ती पोह्यातली कढीपत्त्याची पाने! माझ्या शाळेतही मी तेच केले आहे. मुलांना टिळकांची कविता शिकविली आणि कवीची माहिती सांगताना 'रेव्हरंड' या शब्दाशी आले की घाईने पुढे गेले.

तो विसावा म्हणजे नेमके काय, याविषयीही आपला मोठा गैरसमज आहे. विसावा म्हणजे काम संपणे, दुःख सरणे, अशी आपली कल्पना. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या अकराव्या अध्यायात ख्रिस्त थकल्याभागल्यांना, ओझ्याखाली दबलेल्यांना आपल्याकडे बोलावतो आणि विसावा देऊ करतो, हे पुष्कळांना माहीत असते. पण त्याच्या लगेच पुढे तो काय देतो? जू देतो! हे वाचून मी प्रथम चक्रावले. मानेवरचे ओझे काढतो म्हणून बोलवावयाचे आणि खांद्यावर जू ठेवावयाचे, हा कसला विसावा?

माझ्या आजोबांची काटोलकडे थोडी शेती होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी तेथे बैलांची खांदशेकणी होई. हळद आणि लोणी लावून बैलांचे खांदे शेकत, चोळत. मी लहानपणी विचारले होते, "आजोबा, उद्या बैलांना सुट्टी, मग परवापासून जू ठेवूच नका ना." आजोबा म्हणाले, "पोरी, जुवानं बैल नाही मरत. खांद्याला न बसणाऱ्या जुवानं मरतो. आणि जोडीदार नीट नसला, की मरतो." जू एकट्याचे कधीच नसते, हे मला त्या दिवशी कळले, पण मत्तयाच्या त्या वाक्याशी त्याचा मेळ बसावयास मला माझ्या मावशीला पुन्हा भेटावे लागले.

कोणी म्हणेल, बाप्तिस्मा घेतला म्हणजे विसावा मिळालाच, असे मिशनरी सांगतात. तुम्हीही तेच सांगता आहात. नाही. पंडिता रमाबाईंचे पहा. दुष्काळात आईबाप आणि बहीण गमावलेली, पुढे भाऊ आणि पतीही गमावलेली ही विदुषी १८८३ साली इंग्लंडात ख्रिस्ती झाली. पण त्यानंतरही कित्येक वर्षे आपल्याला धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, अशी कबुली तिने स्वतःच दिली आहे. तिकडच्या धर्मगुरूंशीही तिने वाद घातले. जे पटले नाही ते मान्य केले नाही. पाणी डोक्यावर पडले आणि मन शांत झाले, इतके ते सोपे नसते. आणि खुद्द टिळकांनी १९१७ साली मिशनची चाकरी सोडली व 'देवाचा दरबार' मांडला. त्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती, न घेतलेल्यांनाही होती. बालकवी ठोमरे टिळकांच्या घरी राहिले. ते ख्रिस्ती झाले नाहीत, आणि म्हणून कोणी त्यांचे पान मांडले नाही असेही झाले नाही.

आता आमिषाची गोष्ट. ती मी टाळणार नाही. नागपूर ही जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी असताना, १९५४ साली, निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करण्यास एक समिती नेमली गेली. १९५६ साली तिचा अहवाल आला. शाळा, दवाखाने, कर्जे यांच्या आडून धर्मांतरे होतात, असा त्यात ठपका होता. पुढे १९६८ साली मध्यप्रदेशाने कायदा केला, आणि १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो ग्राह्य धरला. जेथे लबाडी असेल तेथे कायद्याने अवश्य हात घालावा. भुकेल्याच्या हातावर भाकरी ठेवताना त्याचा देव मागून घेणारा मनुष्य कोणत्याही धर्माचा असो, तो व्यापारीच. पण कायद्याला फसवणूक मोजता येते. एखाद्या बाईला रात्री झोप का लागली, हे मोजता येत नाही. ते मोजण्याचा आव आपण घराघरांतून आणतो.

त्याच १९५६ साली, १४ ऑक्टोबरला, याच नागपुरात डॉक्टर आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. ती गोष्ट निराळी. तिचे मोल मानाचे होते, आणि ते साऱ्या समाजाने एकत्र मागितले होते. माझ्या मावशीची गोष्ट एकटीची. दोन्ही एका मापाने मोजणे चूक होईल. पण एक साम्य मी सांगते. दोन्ही वेळा घरी राहिलेल्या आपल्यासारख्यांनी विचारले ते "का गेलात?" असे नव्हे. विचारले ते "कोणी नेले?" असे. जणू माणसाला पाय नसतातच!

आणि ही भीती तरी किती लोकांची? २०११ च्या जनगणनेत साऱ्या महाराष्ट्रात ख्रिस्ती सुमारे १० लाख ८० हजार. शेकडा एकसुद्धा पुरता भरत नाही. चर्चमधून आलेली मराठी मात्र आपल्याला चालते. इंग्रज पाद्री स्टीफन्सने गोव्यात १६१६ साली 'ख्रिस्तपुराण' ओव्यांत छापले, त्यात त्याने मराठीची केलेली स्तुती आपण मराठी दिनाला मिरवितो. पण २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाला वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष झाले, तेव्हा धर्मगुरू कसा चालेल म्हणून ओरड झालीच. म्हातारा मनुष्य, आजारी शरीराने आला, आणि मराठीत बोलून गेला. २०२४ साली ते वारले. 'सुबोध बायबल' एवढे मोठे काम त्यांनी आपल्या भाषेत करून ठेवले. आपण त्यांना काय दिले? संशय.

आमचा दुटप्पीपणा पाहण्यास वसईपर्यंत जावयासही नको. स्टीफन हिस्लॉप नावाचा स्कॉटिश पाद्री १८४५ साली नागपुरास आला. त्याने शाळा काढली, इथले दगड आणि इथल्या खाणी अभ्यासल्या, आणि १८६३ साली पुराच्या पाण्यात बुडून मेला. त्याच्या नावाचे कॉलेज १८८३ पासून आहे. तेथे आपल्या पोरांना प्रवेश मिळावा म्हणून आपण खेटे घातले. कॉन्व्हेंटच्या फाटकापुढे फॉर्मसाठी पहाटेपासून रांगा लावल्या. मिशनच्या दवाखान्यांत आपली बाळंतपणे झाली. नाताळचा केक आपण आवडीने खातो. त्यांचे इंग्रजी चालते, त्यांचे औषध चालते, केकही चालतो. चालत नाही तो फक्त विसावा, ज्यासाठी हे सारे त्यांनी मांडले असे ते म्हणतात.

चर्चवाल्यांनाही माझे दोन शब्द आहेत. तुमच्यापैकी काहीजण माणसे मोजतात. या वर्षी किती आले, त्याचे आकडे दूरदेशी कळवितात. आजार बरे होतील म्हणून फलक लावतात. बाप्तिस्मा घेऊनही आडनाव विचारतात आणि लग्नाच्या वेळी जात पाहतात. मावशीलाही तेथे पहिल्या महिन्यात एकीने विचारले होते, "तुम्ही आधीच्या कोण?" ज्याने तुम्हाला ओझे उतरवून ठेवावयास सांगितले, त्याच्याच दारात तुम्ही हे ओझे घेऊन बसला आहात. मावशीला विसावा मिळाला तो सभेत नव्हे, फलकामुळे नव्हे. रात्रपाळीला एक बाई तिच्याजवळ येऊन बसली, म्हणून मिळाला.

येथेच माझ्या म्हणण्याचा गाभा आहे. आम्ही मावशीला उपाय दिले. शेगाव दिले, सोमवार दिले, गोळ्या दिल्या. तिच्याजवळ रात्री दोन वाजता ओट्यापाशी कोणी बसले नाही. मी बसले नाही. सकाळी शाळा असे माझी. गाथा माझ्या घरात होती, हरिपाठ माझ्या घरात होता. पण तो घेऊन मी तिच्याकडे गेले नाही. आणि जी बाई गेली, तिच्या देवाला आम्ही चोर ठरविले! आपल्या पालखीच्या वाटेवर गावोगाव विसाव्याची ठिकाणे असतात. दमलेल्या वारकऱ्याला तेथे कोणी विचारत नाही की, तू कोणाच्या परवानगीने टेकलास. ही रीत ज्या समाजाची, त्याने एका दमलेल्या बाईला मात्र विचारले.

गेल्या उन्हाळ्यात सीताबर्डीवर मावशी भेटली. केस पांढरे झाले होते, हातात भाजीची पिशवी. आम्ही उसाच्या रसाच्या दुकानात बसलो. मी धीर करून विचारले, "मावशी, खरंच बरं वाटतं का गं तुला? दादाचं दुःख गेलं?"

ती थोडा वेळ ग्लासाकडे पाहत राहिली. "दुःख कुठं जाते वो," ती म्हणाली. "आहे तिथंच आहे. पहिले मी एकटी ओढत होती. आता दुसऱ्या बाजूनं कोणी लागलं आहे, असं वाटते. एवढंच."

मला आजोबांचे बैल आठवले.

मग तिने माझ्या आईची चौकशी केली, गुडघे कसे आहेत म्हणून. आणि उठताना म्हणाली, "माझा डबा आहे ना गं तुमच्याकडे? राहू दे. घाई नाही."

तो डबा माझ्यापुढे आहे. त्याच्या झाकणावर नाव घातलेले आहे. मावशीचे नव्हे, तिच्या मुलाचे. तो दहावी पास झाला तेव्हा घेतलेला डबा. त्या धनत्रयोदशीला ती आमच्या दारी तो घेऊन आली होती, आणि मी झाकणावर काय लिहिले आहे ते वाचलेसुद्धा नव्हते.

दुसऱ्याचा डबा रिकामा परत करू नये, अशी आपली रीत. आम्ही अकरा वर्षे तो परतच केला नाही. यंदा चकल्या मी स्वतः केल्या आहेत. मोहन बेताचे पडले आहे. आईला मी सांगितले, "मी मावशीकडे चालले." ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने आतून आली आणि डब्यात वर चार अनारसे ठेवून गेली.

वाचकांपैकी कोणाच्या घरी असा एखादा डबा असेल तर त्यांनी तो शोधावा, एवढेच मागणे आहे. मतभेद राहू द्यावेत. देव ज्याचा त्याचा राहू द्यावा. डबा तेवढा भरून पोहोचता करावा.